ओटीचे काळे डबे: दोन मास्तर, एक गड आणि नामपूरची माई

नवरात्राच्या पंधरा दिवस आधी शहाणी माणसं सप्तशृंगीच्या गडावर जातात ती गर्दी टाळायला. आम्ही गेलो गिऱ्हाईक शोधायला, तेही गाडीत शंभर काळे डबे कोंबून. पुढचं सगळं रामायण या एका वाक्यातच आहे, पण तुम्हाला रस्ता, चहा आणि माकडं यांची माहिती हवी असणार, म्हणून सविस्तर सांगते.

आधी आम्ही म्हणजे कोण ते सांगते. मी वैजयंती, नाशकातल्या एका संस्थेत वीस वर्षं मॅनेजमेंट शिकवते. विक्री, ग्राहक, किंमत, बाजारपेठ हे माझे विषय. वीस वर्षांत मी स्वतः एक सुईसुद्धा विकलेली नाही, पण ते मला कुणी कधी विचारलंच नाही. दुसरे भूषण सर. वरच्या मजल्यावर डिझाइन शिकवतात. वय पस्तीस, दाढी राखलेली, शर्ट काळा, पँट काळी, पाण्याची बाटली काळी, गाडी काळी. चार वर्षांत आमचं बोलणं झालं ते फक्त जिन्यात, आणि तेही प्रोजेक्टरच्या वायरवरून.

गेल्या वर्षी आमच्या मोठ्या मॅडमच्या, म्हणजे संचालकबाईंच्या डोक्यात आलं की व्यवस्थापन आणि डिझाइन यांचा एकत्र अभ्यासक्रम काढायचा. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सहा महिने आम्ही दोघांनी अभ्यासक्रम लिहिला. म्हणजे पहिली वीस पानं मी लिहिली, पुढची वीस त्यांनी लिहिली आणि मध्ये टाचणी मारली. मोठ्या मॅडमनी ते बाड चाळलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे एकत्र नाही, हे शेजारी-शेजारी आहे. पोरांना करायला सांगण्याआधी तुम्ही दोघं करून दाखवा. एक वस्तू बनवा आणि विका. पन्नास नग, पन्नास अनोळखी माणसांना. ओळखीच्यांना गळ घालायची नाही. प्रत्येकाचा फोटो पाहिजे. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारपर्यंत झालं तर कोर्स सुरू, नाहीतर विषय बंद."

विषय बंद म्हणजे माझं काहीच बिघडणार नव्हतं. बिघडणार होतं भूषण सरांचं. नुसत्या डिझाइनला पोरं येत नव्हती, तो विभाग गुंडाळायचं ठरलेलंच होतं. हा एकत्र कोर्स झाला तरच त्यांची नोकरी राहणार होती, नाहीतर परत बंगळुरू. ते बंगळुरू सोडून आले होते ते आईसाठी. त्यांची आई नामपूरला एकटी राहते. दर शनिवारी हे गाडी काढून तिकडे जातात, सोमवारी पहाटे निघून वर्गावर येतात. हे मला शिपायानं सांगितलं, त्यांनी स्वतः कधीच नाही. खरं सांगते, तेव्हा मी नुसतं "अच्छा" म्हटलं होतं.

वस्तूची कल्पना माझी. मागच्या नवरात्रात वन्संबरोबर गडावर गेले होते, तेव्हा ओटीचं सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत घेतलं. पायऱ्यांवर पिशवी फाटली, नारळ गडगडत खाली, बांगड्यांचा चुरा. म्हणून म्हटलं, ओटीसाठी एक छान मजबूत डबा करू, खण-नारळ-बांगड्या सगळं नीट मावणारा. मी सर्व्हे केला, साठ फॉर्म भरून घेतले. कॅन्टीनमध्ये. त्यातल्या अठ्ठावन्न पोरांनी जन्मात ओटी विकत घेतली नव्हती, पण "तुम्हाला असा डबा आवडेल का?" याला सगळ्यांनी हो म्हटलं, कारण फॉर्मबरोबर समोसा होता.

सरांनी त्रेचाळीस चित्रं काढली. झाकण घट्ट बसेल असा जाड पुठ्ठा निवडला, ओढायला सोनेरी फीत लावली. आणि रंग? मॅट काळा. चकाकी अजिबात नाही, वर केसाएवढी एक सोनेरी रेघ. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, काळा? पण रंग हा त्यांचा विषय. मी गप्प. नंतर कळलं की त्यांच्याही मनात आलं होतं, काळा चालेल ना? पण ग्राहक हा माझा विषय. तेही गप्प. दोघं सुशिक्षित, दोघं शहाणे, आणि शंभर डबे छापून घरी.

शुक्रवारी सकाळी सहाला निघालो. नाशिकहून दिंडोरीचा रस्ता सध्या बरा आहे, मधले खड्डे मनावर घेऊ नका. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, छाटणीची गडबड सुरू होती. दिंडोरीच्या पुढे एका टपरीवर मिसळ खाल्ली. झणझणीत होती, पाव गरम, दोघांचं मिळून दोनशेच्या आत झालं. मिसळ खाताना सर म्हणाले, "मॅडम, मला वाटतं आपण उघडण्याचा अनुभव विकतोय." मी म्हटलं, "सर, तर्री सांडतेय." आमच्यात एकत्र काम म्हणतात ते एवढंच होतं.

वणी मागे टाकून नांदुरीला आलं की घाट सुरू होतो. नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीलाच अडवतात आणि बसनं वर सोडतात, पण एरवी गाडी थेट गडावरच्या गावात जाते. वळणं जोरदार आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांनी मिसळ उतरताना खावी, हा माझा ताजा अनुभव. तिसऱ्या वळणावर सरांनी न बोलता मला एक डबा पुढे केला. मी मान हलवून नाही म्हटलं. वस्तूचा तो उपयोग टळला, तेवढीच देवीची कृपा.

गडावर रोपवेच्या वाटेला कुसुमताईंचं ओटीचं दुकान आहे. साठीच्या बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हात सतत चालू. हिरवे खण पुढे, लाल मागे, बांगड्या उंचावर, नारळांच्या शेंड्या सगळ्या एका दिशेला. फोनवर त्यांनी अर्धा दिवस जागा द्यायचं कबूल केलं होतं. आम्ही खोकं उघडलं. त्यांनी आत पाहिलं आणि हातातला गजरा तसाच राहिला.

"अगं बाई! हे काय? कुणाच्या घरी काय झालंय का?"

"ओटीचा डबा आहे ताई," मी म्हटलं.

"काळा?"

"प्रीमियम आहे," सर म्हणाले.

"असंल बाबा. पर काळा हाय ना?"

आता मला बचाव करणं भाग होतं. "संक्रांतीला आपण काळी साडी नेसतोच की!"

"मग देवी काय संक्रांतीला आलीय व्हय?" कुसुमताईंनी डबा दोन बोटांनी उचलून मागे ठेवला, उंदीर धरल्यासारखा. पण बाई दिलदार. "ठेवा तिकडं कडंला. कुणी घेतलं तर घेऊ द्या. माझ्या नारळांना लावू नका म्हंजे झालं."

तीन तासांत निदान दोनशे बायका पुढून गेल्या. एकीनं विचारलं, "चष्म्याचा आहे का?" एका आजोबांनी हात जोडून "नको, नको" म्हटलं आणि पावलं जलद टाकली. नवीन लग्न झालेली एक मुलगी "किती क्यूट!" म्हणाली, तेवढ्यात तिच्या सासूबाईंनी तिला दंडाला धरून असं ओढलं की मीच दचकले. मी पुढे होऊन सांगायला लागले, की पिशवी फाटते, बांगड्या फुटतात, हा मजबूत आहे. तेव्हा एक पाटलीणबाई थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "ताई, ओटी ओंजळीनं भरतात. देवीला काय डबा देणार? दिसायला नको का तिला काय आणलंय ते?"

म्हणजे लाल केला असता तरी चालला नसता! मी हळदीकुंकवाला दर वर्षी चाळीस बायकांच्या ओट्या भरते. एकदाही डब्यानं भरली नाही. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण मॅनेजमेंटची बाई म्हणून विचार करताना ती घरातली बाई मी घरीच ठेवून आले होते.

एकच गिऱ्हाईक खूश झालं. शेपटीवालं. गडावरची माकडं म्हणजे काय हे जाऊन आलेल्यांना सांगायला नको. नवीन जाणाऱ्यांनी हातात पिशवी हलवत चालू नये, चष्मा जपावा. नमुन्यासाठी मांडलेला डबा, आत नारळासकट, एका हुप्प्यानं उचलला आणि पत्र्यावर जाऊन बसला. त्यानं डबा फिरवून पाहिला, सोनेरी फीत दिसली, ओढली, झाकण अलगद निघालं.

"बघा मॅडम, बघा!" सर अक्षरशः टाळ्या पिटत होते. "कुणी न शिकवता उघडलं! फीत बरोबर जागेवर आहे!"

"सर, तो पैसे देणार नाहीये."

"पण समजलं त्याला!"

कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला होता, हसू आवरत नव्हतं. दुपारी त्यांनी आम्हाला पिठलं-भाकरी खाऊ घातली आणि डबे गाडीत ठेवायला मदत केली. शंभर आणले होते, नव्व्याण्णव परत. विकले शून्य. देवीचं दर्शन मात्र छान झालं, रोपवेनं गेलो, रांग अर्ध्या तासाची. मी ओटी ओंजळीनंच भरली आणि काय मागितलं ते सांगत नाही. सर बाहेर येऊन दरीच्या कठड्याला टेकले. मग म्हणाले, "मॅडम, सोमवारी मी एकटाच सांगीन. रंग माझा होता." मला पहिल्यांदाच त्या काळ्या शर्टातल्या माणसाचं वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला.

ठरल्याप्रमाणे मी तिथून बस धरून नाशिकला परत जाणार होते. "माईकडे चला," सर म्हणाले, "आता एवढं हसं झालंच आहे, तर जेवून तरी जा." यजमानांना फोन केला. ते म्हणाले, "राहा की. किती विकले?" मी फोन ठेवला.

नांदुरीवरून कळवण, सटाणा आणि मग नामपूर. गडाचा डोंगर बराच वेळ आरशात दिसत राहतो. सटाण्याला चहा घ्या, रस्त्याकडेच्या कोणत्याही टपरीवर घ्या, साखर सगळीकडे जास्तच. सटाण्यापासून भाषा हळूहळू बदलते, "आहे"चं "शे" व्हायला लागतं. नामपूरला पोचलो तेव्हा कांदा बाजारातून रिकामे ट्रॅक्टर परत निघाले होते आणि हवेत कांद्याचा वास होता. सरांनी काच खाली केली आणि मोठा श्वास घेतला. चार वर्षांत मी त्यांना इतकं आनंदी पाहिलं नव्हतं.

माई म्हणजे सडसडीत, ताठ बाई. गावात पंचवीस वर्षं बालवाडी चालवली, आता स्वतःचं दोन एकर बघतात. बालवाडी सुटली तरी खडू सुटलेला नाही. घराच्या दारावर खडूनं दुधाचा हिशेब, खांबावर गाय विण्याची तारीख, चुलीच्या वरच्या भिंतीवर सरांचा मोबाइल नंबर. त्यांनी मला बघून म्हटलं, "बस बाई, दमनी व्हशी," आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मग डब्यांकडे बघून मुलाला विचारलं, "हाई काय शे रे?"

सरांनी सगळं सांगितलं. शून्य विक्री, माकड, सोमवार, बंगळुरू. बंगळुरू ऐकल्यावर माई उठून चुलीकडे गेल्या. बाजरीची भाकरी, शेवभाजी आणि मिरचीचा ठेचा वाढला. ठेच्याबद्दल एवढंच सांगते, जपून. जेवून झाल्यावर त्यांनी एक डबा हातात घेतला, झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "झाकण मात्र झकास बसतंय," म्हणाल्या आणि डबा घेऊन आत गेल्या.

शनिवारी सकाळी मी ओसरीवर आले तर समोर काय? माई मांडी घालून बसलेल्या, पुढे कांद्याच्या बियांचं घमेलं, आणि आमच्या काळ्या डब्यावर खडूनं ठळक, गोल, बालवाडीच्या अक्षरात लिहिलेलं: उत्तम बापू, घरचं बी, एक किलो.

माझी झोप खाडकन उडाली. ज्यांना कांद्याचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी: या दिवसांत शेतकरी उन्हाळी कांद्याच्या रोपासाठी बी शोधत असतात, आणि माईंचं घरचं बी आसपासच्या गावांत नावाजलेलं आहे. लांबून लोक येतात. आजवर त्या ते दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत द्यायच्या. पिशवीत ओल धरते, नाव लिहावं तर पुसतं, आणि मग कुणाचं बी कुणाच्या घरी. डबा कोरडा, आत उजेड जात नाही, आणि मॅट काळ्या पुठ्ठ्यावर खडू असा उठतो की क्या बात! नारळासाठी केलेला, म्हणून बियाची किलोची पुरचुंडी आत बरोबर बसत होती. सोनेरी फीत मात्र माईंनी काढून वासराच्या गळ्यात बांधली होती. वासरू फार प्रीमियम दिसत होतं.

मी सरांना हाक मारली. ते दात घासत आले आणि तसेच उभे राहिले. "खडू," ते म्हणाले, तोंडात फेस. "मी त्रेचाळीस चित्रं काढली. खडू एकातही नव्हता."

"सर, पन्नास अनोळखी माणसं!" मी ओरडले. "आज बी न्यायला येतील ना?"

"येतील. पण सगळे माझे काका आणि मामा आहेत. मोठ्या मॅडम मोजणार नाहीत."

"तुमचे असतील. माझे कोण आहेत?"

म्हणून सरांना मागच्या परड्यात बसवलं, पुरचुंड्या बांधायला, आणि वीस वर्षं विक्री शिकवणारी बाई आयुष्यात पहिल्यांदा विकायला बसली. डब्याचे दहा रुपये, हे माईंनी ठरवलं. मी नव्व्याण्णव ठरवले होते, तो कागद माईंनी चुलीत घातला. माझ्या साठ सर्व्हे-फॉर्मांच्या त्यांनी पुड्या केल्या, बियाचा नमुना बघायला द्यायला. फॉर्मांचा तेवढा तरी उपयोग झाला.

पहिलं गिऱ्हाईक धोतर-टोपीतले बाबा. मी सुरू केलं, "नमस्कार! हा आर्द्रतारोधक डबा बियाण्याची उगवणक्षमता—"

बाबांनी माईंकडे बघितलं. "हाई बाई काय म्हनी ऱ्हायनी?"

"मास्तरीन शे," माई म्हणाल्या. "चांगली शे. बोलू दे."

"ताई," बाबा मला म्हणाले, "माले बी पाहिजे. भाषण नको."

मी कपाळावर हात मारला. माईंनी खडू उचलला, बाबांचं नाव डब्यावर लिहिलं आणि डबा त्यांच्यापुढे ठेवला. बाबांनी आपलं नाव वाचलं. बोटानं खालून एकदा रेघ ओढली, पुसत नाही ना हे बघितलं, आणि दहाची नोट काढली. एवढंच. पुस्तकात यावर मी तीन प्रकरणं शिकवते.

मग मी खडू मागून घेतला. माईंना नावं माहीत असायची, मला विचारावी लागायची. नाव काय, गाव कोणतं, रोप कुठे टाकणार. कुणी तळवाड्याचं, कुणी थेट मालेगावकडून आलेलं. नाव विचारलं की माणूस खाली बसायचा, बसला की बोलायचा, आणि बोलून झालं की डबा घेऊनच उठायचा. एक मामी म्हणाल्या, "माझं नाव नको, सुनेचं लिहा. बी तिच्या वाटणीचं हाय, नायतर हे घरातले सगळं एकातच मिसळतील." मी सुनेचं नाव लिहिलं. त्या म्हणाल्या, "मोठं लिहा, त्यांना दिसंल असं."

दुपारपर्यंत माझ्या साडीचा खडूनं फळा झाला होता आणि मला जाम मजा येत होती. फोटो काढत होते, प्रत्येकजण डबा छातीशी धरून, नाव पुढे करून, लग्नातल्यासारखा उभा राहत होता. शेहेचाळीस! आणि घमेल्यात बी संपलं.

नुसता डबा कुणी घेईना. कशाला घेतील? मग माई आत गेल्या आणि एक गाठोडं घेऊन आल्या. सरांचा चेहरा उतरला. "माई, ते नाही. ते आपल्या रोपाचं आहे."

"चार किलो शे. चार डबा जातीन."

"आणि आपल्या वावरात काय टाकायचं?"

"बी दुसरीकडनं मिळी जाई," माई म्हणाल्या. गाठ सोडता सोडता, अगदी साध्या आवाजात. "पोरगं मिळस का दुसरीकडनं?"

सर रिकामं घमेलं उगाच झटकायला लागले. मी ते गाठोडं परत बांधलं आणि माईंच्या मांडीवर ठेवलं. "माई, हे ठेवा. चार डबे मी विकते. बियाशिवाय विकते. वीस वर्षांचा पगार घेतलाय मी याचा." बोलून तर गेले.

संध्याकाळी नामपुरात दहा दुकानं फिरले. किराणावाला म्हणाला नको, मेडिकलवाला म्हणाला नको, शिंपी म्हणाला फुकट देत असाल तर घेतो. प्रत्येक ठिकाणी मी आधी नाव विचारलं, सगळ्यांनी बसवलं, निम्म्यांनी चहा पाजला, डबा कुणीच घेतला नाही. पाच चहा झाले, शेहेचाळीसचे सत्तेचाळीस होईनात.

रविवारी परत निघालो. माईंनी कांद्याची पात, ठेचा आणि दोन खडू बांधून दिले. देवळ्याहून सरळ हायवेला लागता आलं असतं, तो रस्ता चांगला आहे, घाईत असाल तर तोच धरा. पण मी म्हटलं, "सर, गडावरून चला." ते म्हणाले, "परत हसं करून घ्यायला?" मी म्हटलं, "हो."

कुसुमताईंनी आम्हाला लांबूनच पाहिलं आणि हात उडवले. "आले बाई परत काळे डबे!"

मी पदर खोचला. काही भाषण केलं नाही. गडावर पहिल्या दिवशी मी एक गोष्ट बघितली होती, तेव्हा कळली नव्हती: प्रत्येक बाई कुसुमताईंना विचारते, खण केवढ्याला, नारळ केवढ्याला, पूर्ण ओटी केवढ्याला, आणि त्या दिवसभर तेच तेच सांगून घसा बसवतात. नवरात्रात तर बघायलाच नको. मी डबा उलटा ठेवला, माईंचा खडू काढला आणि लिहिलं: खण नारळ. पुढची जागा मोकळी सोडली. "भाव तुम्ही सांगा ताई. उद्या बदलला तर ओल्या फडक्यानं पुसायचा."

कुसुमताईंनी डोकं एकदा डावीकडे कलवलं, एकदा उजवीकडे. डबा उचलला. या वेळी पूर्ण हातानं. खणांच्या पुढे ठेवून बघितला, मग बांगड्यांखाली, मग नारळांच्या शेजारी, आणि तिथेच ठेवला.

"ताई, काळा आहे," सर हळूच म्हणाले. मला वाटलं यांचा गळा धरावा.

"मग?" कुसुमताई म्हणाल्या. "पाटी काळीच असती बाबा."

त्यांनी चार घेतले. पैसे काढायला लागल्या आणि मध्येच थांबून म्हणाल्या, "सकाळपासून सुट्टे नायत. चार नारळ घ्या." घेतले. चार डबे, चार नारळ. फक्त एकच अडचण होती: सगळे एकाच बाईनं घेतले, पन्नास वेगळी माणसं कुठली? कुसुमताईंनी शेजारच्या तीन दुकानदारणींना हाका मारल्या. "ए, या इकडं, एकेक पाटी घ्या! नवरात्रात घसा वाचंल!" तिघींनी घेतल्या, एकेक नारळ कुसुमताईंना परत दिला, फोटोला डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या. परत निघताना एक नारळ माकडानं नेला. तोच असावा, ओळखीचं हसला.

सोमवारी मोठ्या मॅडमनी पन्नास फोटो एकेक करून पाहिले. वासराचाही होता, तो त्यांनी दोनदा पाहिला. "खडूची कल्पना कुणाची?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघं एकदम म्हणालो, "माईंची." "आणि पाटीची?" सर म्हणाले, "मॅडमची." मी म्हटलं, "कुसुमताईंची." मोठ्या मॅडमनी आमच्या चाळीस पानांच्या बाडाची टाचणी काढली, पानं पत्त्यांसारखी पिसली आणि परत आमच्या हातात दिली. "आता लावा परत. एका टेबलावर बसून." मग भूषण सरांकडे बघून म्हणाल्या, "घर नाशकातच बघा." सर खाली गेले, गाडीत बसले आणि माईंना फोन लावला.

घरी अठ्ठेचाळीस डबे माळ्यावर आहेत. यजमान रोज एकावर खडूनं "चहा?" असं लिहून माझ्या बशीपुढे ठेवतात, त्यांना ही फार मोठी विनोदी गोष्ट वाटते. खर्चाचं म्हणाल तर पेट्रोल, रोपवे, मिसळ, पाच चहा चकटफू. रस्त्याचं जे सांगायचं ते वर सांगितलंच आहे. तीन दिवसांत अख्ख्या अभ्यासक्रमातलं माझ्याकडे राहिलं ते एवढंच, की विकायला बसायचं तर आधी समोरच्याचं नाव विचारावं.

एक डबा आमच्या नव्या सामाईक टेबलावर उलटा ठेवलाय. काल मी वर्गावरून आले तर त्यावर सरांच्या अक्षरात होतं: "मॅडम, नवीन पिशवीचं काम आलंय. हे घेणार कोण, आणि घरी नेऊन काय करतात?" चार वर्षांत या माणसानं मला माझ्या विषयातलं काही विचारलं नव्हतं. मी खडू उचलला, खाली लिहिलं, "बसून सांगते," आणि मग जरा थांबून, कारण मीही चार वर्षांत कधी विचारलं नव्हतं, आणखी एक ओळ: "आणि सर, रंग कोणता घेताय?"